टाळांची धार आणि बुवांचा ‘स’

तिसऱ्या अभंगाच्या दुसऱ्या चरणात बुवा ‘सुख’ म्हणतात आणि नेमके त्याच क्षणी सहा टाळ एकत्र पडतात. रेकॉर्डिंगमध्ये तिथे ऐकू यायचं ते फक्त ‘उख’. ‘स’ टाळांत बुडून जायचा. हे एक अक्षर वर काढता काढता माझे जवळजवळ दोन महिने गेले. आज मी प्रत्येक ट्रॅकवर पहिल्यांदा जो इक्वलायझर (इक्यू, म्हणजे आवाजातला एखादा पट्टा कमीजास्त करायचं साधन) उघडतो, तो मला या एका ‘स’मुळे सापडला.

आधी रेकॉर्डिंगबद्दल सांगतो. कृष्णाकाठच्या एका गावातलं भजनी मंडळ, आठ अभंग, जानेवारीतल्या दोन रात्री, देवळाचा सभामंडप. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, तीन बाजू उघड्या. सहा माइक होते: बुवांना एक शुअर एसएम ५८, पखवाजाच्या दोन तोंडांना दोन, पेटीला एक आणि टाळकऱ्यांच्या डोक्यावर एक जोडी. मंडळ नेहमी बसतं तसंच गोल करून बसणार, कुणालाही वेगळ्या खोलीत बसवायचं नाही, ही बुवांची अट होती आणि मलाही ती मनापासून पटलेली होती. टाळकऱ्यांच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय बुवांचा गजर चढत नाही. पण त्याची किंमत मिक्सिंगमध्ये, म्हणजे सगळ्या माइकांचे आवाज एकत्र जुळवताना, मोजावी लागते. बुवांच्या माइकात टाळ शिरतात, टाळांच्या माइकात पखवाज शिरतो, पेटीच्या माइकात तर सगळं गावच असतं.

‘स’, ‘श’, ‘च’ या अक्षरांचा जो सळसळणारा भाग असतो तो साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. टाळांची कानात घुसणारी धारही तिथेच. त्यामुळे टाळ टोचतात म्हणून तो पट्टा खाली ओढला की बुवा घोंगडीआडून गायल्यासारखे वाटतात, आणि शब्द उजळावेत म्हणून वर केला की टाळ कानाला चावतात. मी पहिल्या आठवड्यात या दोन टोकांमध्येच हेलपाटे घालत होतो.

आणि हेलपाटे घालताना मी प्रत्येक वेळी वेगळा इक्यू लावून बघत होतो. खरी अडचण तिथे होती. माझ्या कॉम्प्युटरवर तेव्हा चौदा इक्यू होते. काही फुकटचे, काही दिवाळीच्या आणि नोव्हेंबरच्या सेलमध्ये घेतलेले. कुणी म्हणालं आवाजाला हा चांगला, तो घेतला. कुणी म्हणालं ढोल-ताशाला तो भारी, तोही घेतला. ‘याने आवाजात हवा येते’, ‘याने गरमी येते’ अशा शब्दांवर माझा विश्वास बसलेला होता. काम सुरू करायला बसलो की पहिली पंधरा-वीस मिनिटं कोणता लावू यातच जायची, आणि तेवढ्यात कान थकायचे. ताजा कान ही मिक्स करणाऱ्याची सगळ्यात मोठी पुंजी, आणि ती मी निवडानिवडीत घालवत होतो.

त्यातच एक जुनं काम उघडण्याची वेळ आली. एका नाट्यसंगीताच्या कार्यक्रमाचं चार वर्षांपूर्वीचं मिक्स होतं, गायिकेला त्यातली दोन पदं थोडी बदलून हवी होती. मध्यंतरी मी नवा कॉम्प्युटर घेतला होता. प्रोजेक्ट उघडलं तर अकरा ट्रॅकवर ‘प्लगइन सापडत नाही’, म्हणजे तिथे लावलेलं जोड-सॉफ्टवेअरच गायब. ज्या कंपनीचा तो इक्यू होता त्यांना लिहिलं. उत्तर आलं की तुमची आवृत्ती नव्या सिस्टिमवर चालत नाही, पुढची विकत घ्या. मी पैसे मोजून घेतलेली वस्तू होती, आणि तिच्यात माझे कितीतरी तासांचे निर्णय साठवलेले होते. कुठल्या शब्दावर किती डीबी (डेसिबल) कापले, तानपुरा कुठे मागे नेला, ते सगळं त्या बंद खोलीत अडकलं. शेवटी मी ती दोन पदं पहिल्यापासून मिक्स केली. त्याच आठवड्यात ठरवलं की आता एकच इक्यू निवडायचा, नीट तपासून निवडायचा, आणि तो दहा वर्षांनीही उघडला पाहिजे.

तपासायचं म्हणजे कसं, हा प्रश्न होताच. पहिल्या दिवशी मी बुवांच्या ट्रॅकवर एकेक इक्यू लावला, हाताला येईल तसा फिरवला आणि कोणता ‘बरा’ वाटतो ते वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी तीच यादी उलटी झाली. कारण कळायला वेळ लागला नाही. ज्या इक्यूत आवाज नकळत अर्धा-एक डीबी मोठा झालेला असायचा तोच मला त्या दिवशी आवडायचा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलेलं आहे: आवाजाची पातळी बदलली की खालच्या आणि वरच्या सुरांबाबतची कानाची संवेदनाही बदलते. थोडा मोठा आवाज भरदार आणि स्वच्छ वाटतोच. त्यामुळे मी नियम केला की प्रत्येक इक्यूनंतर पातळी मोजून सारखी करायची, आणि मगच तुलना.

दुसरा नियम असा की कोणता चालू आहे हे मला दिसता कामा नये. भाचा सुट्टीला आला होता, त्याला बटणापाशी बसवलं. मी भिंतीकडे तोंड करून बसायचो आणि तो एक, दोन, तीन असे बदलत जायचा. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “मामा, तू सारखा वेगवेगळं सांगतोस. मघाशी दोन नंबर बेस्ट म्हणालास, आता त्यालाच पातळ म्हणतोयस.” तो दोनदा तोच इक्यू लावत होता.

हे ऐकून मी नल टेस्ट करायला बसलो. ही परीक्षा अगदी सोपी आहे आणि मिक्सिंग करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी करावी असं मला कळकळीने वाटतं. एकच आवाज दोन ट्रॅकवर ठेवायचा, एकावर एक इक्यू, दुसऱ्यावर दुसरा, आणि एका ट्रॅकची फेज उलटी करायची, म्हणजे त्याच्या लहरींचे चढ-उतार उलटे करायचे. दोन्ही इक्यू तंतोतंत तेच करत असतील तर बेरीज शून्य, म्हणजे शांतता. मी २.५ किलोहर्ट्झला ४ डीबी वाढवले आणि क्यू, म्हणजे पट्ट्याची रुंदी ठरवणारा आकडा, १.४ ठेवला. शांतता झाली नाही, बुवांचा पातळ, नाकात गायल्यासारखा आवाज उरला. पहिल्यांदा मला आनंदच झाला. म्हणजे फरक आहे तर! पण मग प्लगइन डॉक्टर या प्लगइन मोजायच्या प्रोग्रॅममध्ये दोघांचे आलेख एकावर एक ठेवून बघितले. एकाचा १.४ म्हणजे अरुंद डोंगर, दुसऱ्याचा १.४ म्हणजे ऐसपैस टेकडी. ‘क्यू’चा आकडा प्रत्येक बनवणारा आपापल्या पद्धतीने मोजतो, आणि आपण आकडे सारखे ठेवले म्हणजे आवाज सारखा असं धरून चालतो. मी दुसऱ्याचा क्यू हळूहळू सरकवत दोन्ही रेषा एकमेकींवर बसवल्या. परत प्ले दाबलं. आवाज बंद. मीटर तळाला. मला वाटलं केबल निघाली. हेडफोन काढून बघितला, पिन जागेवर होती. बुवा गात होते, टाळ पडत होते, आणि माझ्या खोलीत काहीही ऐकू येत नव्हतं. त्या दोन इक्यूंपैकी एक फुकटचा होता, आणि दुसऱ्यासाठी मी एका महिन्याच्या कामाचे पैसे दिले होते.

चौदापैकी आठ इक्यू असे एकमेकांत विरघळून गेले. अपवाद फक्त अगदी वरच्या टोकाला. ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये २४ किलोहर्ट्झ ही भिंत असते, तिच्या वर काही साठवता येत नाही. साध्या डिजिटल इक्यूत १४-१५ किलोहर्ट्झला उंचवटा दिला तर तो या भिंतीपाशी चिमटल्यासारखा होतो, उजवी बाजू एकदम खाली पडते. काही बनवणारे हे टाळण्यासाठी जास्तीचं गणित करतात. टाळांची जी वरची बारीक किणकिण असते तिच्यात मला हा फरक ऐकू आला, बुवांच्या आवाजात मात्र नाही.

उरलेले सहा वेगळ्या जातीचे होते, म्हणजे जुन्या यंत्रांच्या नमुन्यावर बेतलेले. त्यांच्याशी मी चार-पाच दिवस मनापासून रमलो, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. पल्टेकचंच बघा. पल्स टेक्निक्स ही अमेरिकेतल्या न्यू जर्सीची कंपनी, १९५०च्या दशकातलं हे यंत्र. त्यात खालच्या सुरांसाठी २०, ३०, ६० आणि १०० हर्ट्झ एवढ्याच जागा, आणि वाढवण्याची खुंटी वेगळी, कमी करण्याची वेगळी. दोन्ही एकदम फिरवल्या तर एकमेकींना पुसून टाकतील असं वाटतं, पण तसं होत नाही. दोघींच्या रेषा नेमक्या एका जागी बसत नाहीत. त्यामुळे तळ उचलला जातो आणि त्याच्या जरा वर, जिथे आवाज गढूळ होतो तिथे, अलगद खड्डा पडतो. पखवाजाच्या कणकेच्या तोंडावर पल्टेकच्याच नमुन्यावरचा, इग्नाइट ॲम्प्सचा फुकटचा पीटीईक्यू-एक्स लावला, ६० हर्ट्झवर दोन्ही खुंट्या थोड्या फिरवल्या, आणि डाव्या हाताची थाप जमिनीतून आल्यासारखी वाटायला लागली. हे माझ्या खोलीतल्या स्पीकरवर आणि गाडीतही टिकलं. त्यामुळे हे एक हत्यार मी ठेवून दिलं. पण ते एका कामाचं आहे. बुवांच्या ‘स’ला ६० हर्ट्झचा काय उपयोग?

मग राहिला तो प्रश्न ज्याच्यावर सगळं अडलं होतं. पट्टा कायमचा खाली ओढायचा नाही, वर ढकलायचा नाही, गरज पडेल तेवढ्याच क्षणी हलवायचा. याला डायनॅमिक इक्यू म्हणतात. पट्ट्यातला आवाज ठरलेल्या पातळीच्या वर गेला की तेवढ्यापुरता तो खाली येतो, आणि मग परत जागेवर. माझ्याकडे यासाठी दोन पर्याय होते. एक फॅबफिल्टर प्रो-क्यू ३, २०१८ मध्ये आलेला, तीस दिवस फुकट वापरून बघता येणारा. दुसरा टोकियो डॉन लॅब्जचा टीडीआर नोव्हा, कायमचाच फुकट.

प्रो-क्यूच्या प्रेमात पडायला मला एक तास पुरला. चोवीसपर्यंत बँड, म्हणजे हलवायचे पट्टे, घ्या. आलेखावर कुठेही टिचकी मारली की बँड तयार. हेडफोनचं चिन्ह दाबून धरलं की फक्त तेवढाच पट्टा ऐकू येतो. पेटीच्या भात्याची खरखर कुठे आहे ते मी त्याच्यावर पाच सेकंदांत शोधून काढलं. असं वाटलं की झालं, हाच. पण दहाएक दिवसांनी एक गोष्ट लक्षात आली. मी कान सोडून डोळ्यांनी मिक्स करायला लागलो होतो. मागे नाचणारा आलेख दिसतो, त्यात एखादं टोक वर आलेलं दिसतं आणि हात आपोआप तिकडे जातो. बुवांचा सा काळी एकचा, म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झ. आलेखात तिथे उंच सुळका दिसायचा आणि मी तो कापत होतो. तो दोष नव्हता, तो षड्ज होता! तसाच लो कट, म्हणजे ठरलेल्या जागेच्या खालचे सूर कापणारी गाळणी. सवयीने १२० हर्ट्झला लावून ठेवलेला, कारण आलेखात त्याच्या खाली ‘कचरा’ दिसत होता. बुवा एका अभंगात मंद्र पंचमाला उतरतात, तो १०४ हर्ट्झचा. मी त्यांचा पंचम अर्धा पुसून टाकला होता. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी मी आलेख बंद करून सगळे ट्रॅक पुन्हा ऐकले, आणि निम्मे बँड काढून टाकले.

यात प्लगइनचा दोष नाही, आलेख बंद करायची सोय त्याच्यातच आहे. उलट लिनिअर फेज म्हणजे काय ते मी त्याच्यावरच शिकलो. पखवाजाच्या दोन तोंडांना दोन माइक, आणि दोन्हींत दोन्ही तोंडांचा आवाज. नेहमीचा इक्यू एका माइकवर लावला की त्या माइकचा आवाज फेजमध्ये थोडा सरकतो आणि दोन्ही मिसळल्यावर थापेचा भरीवपणा बदलतो. लिनिअर फेजमध्ये हे नातं तसंच राहतं. पण तिथे खड्या उताराचा लो कट लावला आणि थापेच्या आधी एक हलकी सावली ऐकू आली, थाप पडायच्या आधीच तिची चाहूल लागल्यासारखी. पखवाजाला ते चालणारच नाही. शेवटी मी लो कट दोन्ही माइकांवर सारखाच, साध्या पद्धतीचा ठेवला आणि तो प्रश्न सुटला.

आता मुख्य गोष्ट. ‘सुख’मधल्या ‘स’साठी मी पहिल्यांदा जे केलं ते चुकीचं होतं. बुवांच्या ट्रॅकवर डायनॅमिक बँड लावला, ६ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे टाळ जोरात पडले की तो पट्टा खाली यावा. टाळ खाली गेलेही, पण त्यांच्याबरोबर ‘स’ही गेला. बँडला टाळ आणि ‘स’ यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त पातळी कळते. दोन संध्याकाळी यात गेल्या. आकडे बदलले, बँड अरुंद केला, रुंद केला. ‘उख’ ते ‘उख’च.

तिसऱ्या संध्याकाळी जेवायला बसलो होतो आणि शेजारच्या देवळात भजन चालू होतं. लांबून ऐकताना जाणवलं की तिथले टाळकरी बुवांनी शब्द उचलला की टाळ हलके वाजवतात, आणि ओळ संपली की परत भरून वाजवतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, वर्षानुवर्षं एकत्र बसून हाताला लागलेलं असतं. आमच्या मंडळाचे टाळकरीही तेच करतात, पण रेकॉर्डिंग आहे म्हणून त्या रात्री सगळ्यांनी जीव तोडून वाजवलं होतं. म्हणजे बुवांचा आवाज कापायचाच नाही. बुवा गायले की टाळांनी वाट द्यायची.

ताटावरून उठून कॉम्प्युटरपाशी गेलो. नोव्हा टाळांच्या ट्रॅकवर लावला आणि त्याला बाहेरची साइडचेन दिली, म्हणजे बँड हलणार टाळांचा, पण त्याला इशारा करणार बुवांचा माइक. रीपर या माझ्या मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे करणं सोपं आहे, बुवांच्या ट्रॅकवरून टाळांच्या ट्रॅकच्या तिसऱ्या-चौथ्या चॅनलला एक सेंड द्यायचा. तिसरा बँड ६.३ किलोहर्ट्झला ठेवला. थ्रेशोल्ड, म्हणजे जिच्यावर आवाज गेला की बँड हलतो ती पातळी, हळूहळू खाली आणत अशा जागी थांबवला की बुवांच्या माइकात गळून आलेले टाळ त्याच्या खाली राहतील आणि माइकपासून चार बोटांवर उच्चारलेला ‘स’ त्याच्या वर जाईल. रेशो, म्हणजे दाबायचं प्रमाण, ३. ॲटॅक, म्हणजे बँड खाली यायचा वेळ, २ मिलिसेकंद, कारण ‘स’ फार लवकर येऊन जातो. रिलीज, म्हणजे बँड परत जागेवर जायचा वेळ, ठरवणं लांबलं. कमी ठेवला तर टाळांचा नाद फडफडतो, जास्त ठेवला तर ‘सुख’नंतरचा संपूर्ण ठेका दबतो. ९० मिलिसेकंदांवर तो बसला. पट्टा जेमतेम चार डीबी खाली जात होता.

प्ले केलं. ‘सुख’ आलं. पूर्ण, ‘स’सकट. आणि टाळ कुठेही गेले नव्हते. मी ती ओळ किती वेळा ऐकली ते सांगता येणार नाही. डोळे भरून आले होते हे मात्र सांगतो.

प्रो-क्यू ३ मध्ये ॲटॅक आणि रिलीज आपल्या हातात नसतात, तो आवाजाचा स्वभाव बघून स्वतःच ठरवतो. पुष्कळ ठिकाणी ते उत्तमच आहे. पण टाळांचा नाद किती वेळ रेंगाळतो, ठेका कोणत्या लयीत आहे, हे मला माहीत असतं, आणि ते सांगायची जागा मला नोव्हात मिळाली. तीस दिवस संपले तेव्हा मी प्रो-क्यू आदराने काढून टाकला. पुढे २०२४च्या डिसेंबरमध्ये प्रो-क्यू ४ आला तेव्हा मोह झाला होता, पण माझा हात तोवर बसलेला होता.

नोव्हाचं सगळंच गोड आहे असं नाही. बँड चारच, शिवाय एक लो कट आणि एक हाय कट. पैसे देऊन मोठी आवृत्ती मिळते, ती मी अजून घेतलेली नाही. पडद्यावर खुंट्यांची दाटी आहे, पहिल्या दिवशी कोणता बँड चालू आहे तेच कळत नाही. पण चार बँडांच्या मर्यादेने माझं फार भलं केलं. पाचवी जागा कापावीशी वाटली की मी थांबतो आणि विचारतो की माइक चुकीच्या जागी होता का. शिवाय तो फुकट असल्यामुळे इचलकरंजीच्या माझ्या मित्राकडे प्रोजेक्ट पाठवलं तरी उघडतं, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या जुन्या लॅपटॉपवरही उघडतं. ज्याच्यात माझे निर्णय साठवायचे ती खोली कुणालाही उघडता यावी, हे मला त्या नाट्यसंगीताच्या प्रकरणापासून फार महत्त्वाचं वाटतं. तरीही प्रत्येक मिक्स झालं की मी सगळे ट्रॅक इक्यूसकट वेगळे रेंडर करून, म्हणजे पक्क्या ऑडिओ फाइल करून, ठेवतो. अजून एकदा तसं रडायची माझी तयारी नाही.

तानपुऱ्याचीही एक गोष्ट इथेच सांगायला हवी. अभंगांखाली तानपुरा मी घरीच नंतर रेकॉर्ड केला होता आणि तो मिक्समध्ये दिसेना. ३ किलोहर्ट्झला वाढवून बघितला, ५ ला वाढवून बघितला, नुसता पत्र्यासारखा वाजायला लागला. मग वाद्यच उचललं आणि मिरजेला सतारमेकर गल्लीत नेलं. तिथल्या कारागिरांनी एकदाच तारा छेडल्या आणि म्हणाले, “अहो, जवारी बसलीय की हिची.” जवारी म्हणजे तारेला झंकार देणारा घोडीचा घासलेला माथा. त्यांनी घोडीवर कानस फिरवली, तारेखालचा दोरा केसभर इकडेतिकडे सरकवला, कान लावला, परत घासलं. अर्धा-पाऊण तास हे चाललं होतं. मी शेजारी बसून बघत होतो आणि माझ्या डोक्यात एकेक बँड वर येत होता, खाली जात होता, फक्त त्यांच्या हातात माऊसऐवजी कानस होती. घरी येऊन तानपुरा पुन्हा रेकॉर्ड केला. त्या ट्रॅकवर आज एकही इक्यू नाही. आवडता इक्यूही नाही.

मिक्स पूर्ण झाल्यावर पेन ड्राइव्हवर घेऊन गावाला गेलो. बुवांच्या पडवीत सगळं मंडळ जमलं, एका टाळकऱ्याने घरचा मोठा स्पीकर आणला होता. पहिले तीन अभंग कुणी काही बोललं नाही. ‘सुख’ आलं तेव्हा मी बुवांकडे बघत होतो. त्यांनी मान हलवली, बाकी काही नाही. त्यांना त्यात विशेष असं काही वाटलंच नसेल. त्यांनी तो शब्द म्हटला होता आणि तो ऐकू आला होता.

पाचवा अभंग सुरू झाला आणि पखवाजवाले आजोबा पुढे सरकले. सत्तरी ओलांडलेले, कान मात्र कोवळ्या पोराचे. ओळ संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, “थांबीव जरा. परत लाव बघू हितनं.” परत लावलं. “हां. कणीक वाळली होती बघ इथं. सहाव्याच्या आधी मी पाणी लावलं, तेव्हा परत बसली. तवर डावं तोंड चढलंय.”

मला ते मिक्स करताना कधीच कळलं नव्हतं. पाचव्या अभंगात कणकेच्या तोंडाचा तळ कमी वाटतो म्हणून मी माइक हलला असेल असं धरून चाललो होतो. मी विचारलं, “आजोबा, जरा भरून देऊ का तिथं? होईल तसं.”

त्यांनी थोडा विचार केला. “दे की. पण लई नको. कणीक वाळली होती ती वाळली होती.”

रात्री घरी येऊन पाचवा अभंग उघडला, डाव्या तोंडाच्या ट्रॅकवर नोव्हाचा पहिला बँड चालू केला, ७५ हर्ट्झ, दीड डीबी. ऐकलं. मग एकवर आणला आणि जतन केला.